घाटमाथ्यावरची सहल आणि मनुकांचा प्याला



दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी, जावई आणि नात इटलीला जाऊन आली. रोममध्ये त्यांनी एका दिवसाची सहल घेतली होती. सकाळी सातला बस, बरोबर माहिती सांगणारी बाई, डोंगरावर वसलेली दोन-तीन मध्ययुगीन गावे, दुपारी द्राक्षमळ्यात जेवण आणि रात्री परत मुक्कामावर. इथे शुगर लँडला परत आल्यावर तिघांनी मला फोटो दाखवले. फोटो पाहून मी म्हटले, छान आहे. म्हातारा माणूस फोटो पाहून आणखी काय म्हणणार! पण एका फोटोत दगडी दारावर हिब्रू अक्षरे दिसली आणि मी चष्मा पुसला.

ते गाव होते पितिल्यानो. तोस्कानाच्या दक्षिण टोकाला ज्वालामुखीच्या मऊ दगडाचा एक उंच कडा आहे आणि त्या कड्यावर घरे अशी बसली आहेत की दगड कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही. १५५५ साली पोप चौथा पॉल याने आपल्या राज्यातील यहुद्यांवर कडक निर्बंध घातले. त्यांना कोंडवाड्यासारख्या वस्तीत राहणे भाग पडले. तेव्हा काही कुटुंबे सरहद्द ओलांडून या गावात आली, कारण इथे वेगळ्या सरदाराची सत्ता होती. १५९८ साली त्यांनी मशीद बांधली. (आमच्या लहानपणी सिनेगॉगला घरात मशीदच म्हणत, म्हणून मीही तोच शब्द वापरतो.) मशिदीच्या खाली दगडात खोदलेल्या तळघरांत मिकवे, मात्सोची भट्टी, खाटकाची जागा आणि वाइन ठेवण्याचे तळघर होते. लोक त्या गावाला छोटे यरुशलेम म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धात आसपासच्या शेतकऱ्यांनी कित्येक यहुदी कुटुंबांना आपल्या मळ्यांत आणि गुहांत लपवले. आज तिथे यहुदी वस्ती नावापुरतीच आहे. मशीद मात्र दुरुस्त करून उघडी ठेवली आहे.

नातीने मला तिथली मिठाई आणली होती. तिचे नाव स्फ्रात्तो. आत मध आणि अक्रोड, बाहेर पातळ पोळी, आकार काठीसारखा. स्फ्रात्तो म्हणजे घराबाहेर काढणे. यहुद्यांना घर सोडायला लावणारे शिपाई दारावर काठी आपटत, त्या काठीची ही आठवण. काठीचा मार विसरायचा नाही म्हणून तो गोड करून खायचा. मला हे फार आवडले.

मग नातीने विचारले, "आजोबा, आपल्याकडे असं गाव आहे का? डोंगरावरचं, जुनं, आणि खाली द्राक्षं?"

मी कोकणातला. आमच्याकडे डोंगर आहेत, पण गावे डोंगराच्या पायथ्याशी, नारळी-पोफळीत. द्राक्षे तर नाहीतच. मी नाही म्हणणार होतो. पण रात्री झोप येईना तेव्हा घाटमाथा आठवला, आणि जुन्नर आठवले.

गेल्या जानेवारीत आम्ही पुण्याला गेलो तेव्हा ही सहल जुळून आली. रास्ता पेठेत नातेवाइकांकडे उतरलो. आमची सुक्कथ शेलोमो मशीद तिथेच. लाल देवळाकडेही जाऊन आलो. डेव्हिड ससून यांनी बांधलेले ते लाल विटांचे ओहेल डेव्हिड, १८६७ सालचे. एका गुरुवारी पहाटे छोट्या बसमधून आम्ही अकरा जण निघालो. माहिती सांगणारा मुलगा मूळचा जुन्नरचाच होता. चांगला अभ्यास केलेला आणि म्हाताऱ्यांशी बोलण्याची रीत असलेला. त्याने पहिल्याच थांब्यावर मला सांगितले, "आजोबा, शिवनेरीच्या पायऱ्या तुम्ही चढू नका. खालून दाखवतो, वरचं सगळं सांगतो."

पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव सुमारे पाऊणशे किलोमीटर आहे. तिथून आत वळले की जुन्नर. जुन्नरच्या चारी बाजूंना डोंगर आहेत आणि डोंगरांत लेणी कोरलेली आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा लेणी आणि शिवनेरीच्याच अंगावरची. दोन हजार वर्षांपूर्वी हे मोठे व्यापारी गाव होते. का, ते नाणेघाटात गेल्यावर समजते.

नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत आता गाडी जाते. पुढे काही पायऱ्या उतरून गुहा लागते. मी काठी टेकत, नातीचा हात धरून उतरलो. गुहेच्या भिंतीवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. कोणते यज्ञ केले आणि त्यांत किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली याचा तो हिशेब. आपल्या आकड्यांची फार जुनी रूपे त्या लेखात आढळतात. बाहेर दगडाचा एक मोठा रांजण आहे. घाट चढून येणारे व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकत असे सांगतात. घाटाच्या तोंडाशी उभे राहिले की सगळे कोकण पायाखाली पसरलेले दिसते. त्या धुक्यापलीकडे कल्याण, सोपारा, चौल ही बंदरे. बंदरात जहाजावरून उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून अशा घाटांनी वर यायचा आणि पैठणकडे जायचा.

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. आपल्या परंपरेप्रमाणे आपले पूर्वज याच किनाऱ्यावर, नवगावजवळ, जहाज फुटून पोहत आले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांचे मृतदेह लाटांनी किनाऱ्यावर आणले, त्यांना नवगावला मूठमाती दिली. वाचलेल्यांनी घाट चढला नाही. ते खालीच राहिले, तेलाचा घाणा चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवू लागले आणि लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. त्यांच्याकडे पुस्तक नव्हते, रब्बी नव्हता. शेमाचे शब्द, सुन्नत, शब्बाथ आणि काय खावे काय खाऊ नये याची आठवण, इतकीच शिदोरी.

आता जुन्नरची एक जुनी गोष्ट सांगतो. ती यहुद्याची नाही, पण ऐकण्यासारखी आहे.

१४६९ च्या सुमारास अफानासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला येण्याआधी जवळजवळ तीस वर्षे. तो रशियातल्या त्वेर शहरातला. इराणमधून, होर्मुझ बंदरावरून एक घोडा घेऊन तो आला होता, कारण दख्खनमध्ये घोड्यांना मोठी किंमत मिळते असे त्याने ऐकले होते. चौलला लोक त्या गोऱ्या माणसाच्या मागे घोळक्याने फिरत. तिथून तो पालीवरून, घाट चढून, तीन आठवड्यांहून जास्त प्रवास करून जुन्नरला पोचला. रेवदंड्यात त्याचे स्मारक उभारले आहे. आपल्यातले रेवदंड्याचे लोक ते पाहून आले असतील.

निकितीनने जुन्नरचे वर्णन लिहून ठेवले आहे. गाव खडकावर आहे, त्याला माणसाने तट बांधला नाही, देवानेच केला आहे, आणि वर जायची वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस जाईल. पावसाळा त्याने तिथेच काढला. चार महिने पाऊस आणि चिखल पाहून तो बिचारा थक्क झाला. इथली दारू नारळापासून करतात असेही त्याने नोंदवले आहे. पंधराव्या शतकातल्या या पाहुण्याच्या नजरेला जुन्नरमध्ये नारळाची दारू पडली, द्राक्षाची नाही, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग आहे.

तेव्हा जुन्नरवर बहमनी सुलतानाचा सरदार असदखान होता. त्याने निकितीनचा घोडा काढून घेतला. हा माणूस मुसलमान नाही, रशियन आहे, असे कळल्यावर त्याने अट घातली. आमचा धर्म घे, घोडा परत देतो आणि वर एक हजार सोन्याची नाणी देतो. नाही घेतलास तर घोडाही जाईल आणि हजार नाणी दंडही द्यावी लागेल. चार दिवसांची मुदत दिली. परका मुलुख, परकी भाषा, जवळ आपले माणूस एकही नाही. मुदत संपता संपता खोरासानचा एक मुसलमान गृहस्थ, मोहम्मद नावाचा, तिथे आला. निकितीनने त्याच्या पाया पडून विनवले. तो खानाकडे गेला, रदबदली केली आणि घोडाही सोडवून आणला. म्हणजे धर्म सोडायला सांगणारा मुसलमान होता आणि धर्म राखायला मदत करणाराही मुसलमान होता. आपल्या कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आपण शेजाऱ्यांच्या भरवशावरच इतकी शतके राहिलो.

निकितीनची आणखी एक गोष्ट मला जवळची वाटली. वाटेत लुटारूंनी त्याची पुस्तके नेली होती. पुस्तक नाही म्हणून सणांचे दिवस कळेनात. मोठा सण कधी येतो, उपास कधी धरायचा, याचा तो आकाशाकडे पाहून अंदाज बांधी. कधी आसपासचे मुसलमान रोजे धरत तेव्हा हाही उपास धरी आणि आपल्या देवाला आपल्या शब्दांत आळवी. आपण चुकलो तर नाही ना, ही रुखरुख त्याच्या लिहिण्यात पुन्हा पुन्हा येते. तो घरी पोचलाच नाही. परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्कच्या अलीकडे, त्याने देह ठेवला. वही तेवढी पोचली.

पुस्तक हरवलेला माणूस सण कसा पाळतो? हा प्रश्न निकितीनला सहा वर्षे पडला, आपल्या पूर्वजांना कित्येक शतके. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. त्यात सणांची जुनी मराठी नावे आहेत. नवियाचा सण, दरफाळणीचा सण, खिरीचा सण, अनाशी ढाकाचा सण. या शेवटच्या नावाकडे पाहा. अनाशी म्हणजे आंबवणाचे भांडे, ते झाकून ठेवायचे. पेसाखची हिब्रू कथा विस्मरणात गेली, पण त्या दिवसांत घरातले आंबट झाकून ठेवायचे हे बायकांना आठवत होते. भांड्यावरचे झाकण तेवढे राहिले, आणि त्या झाकणाखाली पेसाख टिकला.

बाहेरच्या जगालाही आपली कुणकुण होती. सुमारे आठशे वर्षांपूर्वी रंबाम यांनी दक्षिण फ्रान्समधल्या लुनेल गावच्या विद्वानांना पत्र लिहिले. लुनेल हेही द्राक्षमळ्यांतले जुने गाव. तिथे मस्कट द्राक्षाची गोड वाइन आजही होते. त्या पत्रात रंबाम म्हणतात की हिंदुस्थानातल्या यहुद्यांना लिखित तोरा ठाऊक नाही, ते फक्त शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी सुन्नत करतात. हे वर्णन आपल्याच लोकांचे, असे आपल्यातले बरेच जण मानतात. रंबाम यांचा धाकटा भाऊ डेव्हिड व्यापारासाठी हिंदुस्थानकडे येताना समुद्रात बुडाला होता. या समुद्राची किंमत त्यांना घरातूनच कळली होती.

नाणेघाटातून परत येताना आम्ही शिवनेरीच्या पायथ्याशी थांबलो. १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म या गडावर झाला. त्याआधी, १४९० च्या सुमारास, मलिक अहमदने जुन्नरच्या बळावरच बहमनींपासून वेगळे होऊन निजामशाही उभारली. नात आणि तिची आई गड चढून गेल्या. मी आणि आणखी दोन म्हातारे खाली चहा पीत बसलो. एका बाईंनी मला विचारले, "तुम्ही मूळचे कुठले?" मी म्हटले, "अलिबागकडचा. बेने इस्राएल." त्या म्हणाल्या, "म्हणजे इस्राएल आळीतले? आमची मावशी तिथेच शेजारी राहायची. तुमच्याकडे लग्नाआधी पोह्यांचं ताट करतात ना?" मलिदाच तो! पोहे, गूळ, खोबरे, वेलची, मनुका आणि फळे. एलियाहू हन्नाबीच्या नावाने केलेले ते ताट शेजारणीलाही आठवत होते.

दुपारी आम्ही नारायणगावजवळच्या एका मळ्यात जेवलो. जानेवारी संपत आला की तिथे काळ्या द्राक्षांची तोड सुरू होते. मांडवाखाली वाकून चालायचे, डोक्यावर घड लोंबत असतात. मळेवाल्याने वेलाचे वर्ष समजावून सांगितले. एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्या वेळी जुनी फांदी काढून टाकायची म्हणजे नवी काडी तयार होते. मग ऑक्टोबरमध्ये दुसरी छाटणी, ती फळासाठी. त्यानंतर चार-साडेचार महिन्यांनी घड. युरोपात थंडीत वेल झोपी जातो, इथे त्याला झोपच नाही, म्हणून कात्रीने त्याला वर्ष शिकवावे लागते. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला होता. तिथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असे त्याने लिहिले आहे. म्हणजे दख्खनच्या कोरड्या जमिनीत वेल जुना आहे. कोकणात मात्र तो धरत नाही. आपल्याकडचा पाऊस त्याला मानवत नाही.

या भागात वाइनचा व्यवसाय नवा आहे. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच जाणकारांच्या मदतीने फेसाळणारी वाइन काढली. ओमर खय्याम या नावाने ती परदेशात विकली गेली. पुढे तो कारखाना बंद पडला. पण १९९० नंतर नाशिककडे मळे वाढले, २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले आणि आज नाशिकला लोक सहलीलाच जातात.

जेवणानंतर वाइन चाखण्याचा कार्यक्रम होता. पाच छोटे पेले ओळीने मांडले. नात माझ्याकडे पाहू लागली. मी हळूच सांगितले की आपल्याला ही चालणार नाही. वाइनच्या बाबतीत आपला कायदा कडक आहे. द्राक्षे चेपण्यापासून बुच लावण्यापर्यंत यहुद्याचा हात असावा लागतो. मळेवाल्याला वाईट वाटू नये म्हणून मी द्राक्षाचा घड मागून घेतला आणि तो आवडीने खाल्ला. त्याने विचारले, "आजोबा, मग तुमच्या पूजेला वाइन लागते तेव्हा काय करता?"

मी सांगितले, "आम्ही मनुकांचं शरबत करतो."

तो हसला. त्याला वाटले, मी चेष्टा करतो आहे.

वाचकहो, तुम्हाला सांगायला नको. शुक्रवारी दुपारी आजी काळ्या मनुका निवडून धुवायची आणि पितळेच्या कल्हई केलेल्या भांड्यात भिजत घालायची. संध्याकाळपर्यंत त्या फुगत. मग हाताने कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. जांभळट, गढूळ, गोड पाणी. आम्हा मुलांना उरलेला चोथा चाखायला मिळे, त्यासाठी भांडणे होत. आजोबा चांदीच्या प्याल्यात ते ओतून हगाफेनची बराखा म्हणत.

आता विचार करा. आमच्या गावात ताडी होती, माडी होती. नारळाचे पाणी होते, उसाचा रस होता. निकितीनलाही जुन्नरला नारळाचीच दारू दिसली होती. आजीच्या अंगणात जे फुकट मिळत होते त्यातले काहीच शब्बाथच्या प्याल्यात गेले नाही. जे कोकणात पिकत नाही, जे पैसे मोजून वाण्याकडून आणावे लागते, तेच गेले. कारण बराखा वेलीच्या फळाची आहे. मनुका पाण्यात भिजवून काढलेला रस किद्दुशला चालतो, हे तालमूदमध्ये सांगितलेले आहे. आजीने तालमूद पाहिलेही नव्हते. आणि शरबत घरच्या हातचे असल्यामुळे त्याला परका हात लागण्याचा प्रश्नही नव्हता. दिसायला गरिबाचे पाणी, पण कायद्याच्या दोन्ही अंगांनी बरोबर.

१८७४ साली पुण्यात मराठी अर्थासह हगादा छापली गेली. तिच्यातल्या एका चित्रात लुगडे नेसलेल्या आपल्या बायका मात्सो करताना दाखवल्या आहेत. पुस्तक हाती आले तेव्हा चित्रातल्या बायकांना लुगडेच नेसवले, युरोपचा झगा नाही. शरबताचेही तसेच. पुस्तक आले, शिकवणारे आले, पण आजीने भांडे बदलले नाही.

हे मी आज इतक्या ठामपणे लिहितो, पण तरुणपणी मला या शरबताची लाज वाटत असे. त्याचे कारण सांगतो. माझी थोरली बहीण इस्राएलला गेली. १९६२ नंतर तिथे आपल्या लोकांच्या लग्नांचा प्रश्न उभा राहिला होता. एका कचेरीत तिला आईची आई कोण, तिची आई कोण, असे पिढ्यान्‌पिढ्यांचे दाखले विचारले. तिने पत्रात लिहिले की आपण खरे आहोत हे कागदावर कसे दाखवायचे? तिच्याबरोबरच्या एका मुलीने शब्बाथला मनुकांचे शरबत केले तर कोणी तरी म्हणाले, हे काही वाइन नव्हे. ते वाक्य आमच्या घरात फार दिवस राहिले. वाइन खरी नाही, मग माणसेही खरी नाहीत की काय! यरुशलेमला आपल्या लोकांनी मुलाबाळांसकट धरणे धरले आणि १९६४ साली क्नेसेटने ठराव करून सांगितले की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत. तुमच्यातले काही जण त्या धरण्यात बसले असतील. बहिणीचे लग्न झाले. पण तिने पुन्हा शरबत केले नाही. दुकानातली बाटली आणायची. तिला दोष देणारा मी कोण? मीही मुंबईत नोकरीला लागल्यावर तेच केले.

म्हणून नारायणगावच्या त्या मळ्यात, पाच पेल्यांसमोर बसून, मी "आम्ही मनुकांचं शरबत करतो" हे इतक्या सहज म्हटले, याचे मलाच आश्चर्य वाटले.

परतताना नारायणगावच्या बाजारात बस थांबवली आणि अर्धा किलो काळ्या मनुका घेतल्या. तासगाव-सांगलीकडचा माल. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. रास्ता पेठेतल्या स्वयंपाकघरात नातीने मनुका भिजवल्या, संध्याकाळी कुस्करल्या, गाळल्या. प्रमाण लिहून ठेवा, सुनांना आणि जावयांना द्या. पाव किलो बियांच्या काळ्या मनुका, चार पेले पाणी, निदान सहा तास भिजत, साखर मुळीच नाही. गाळल्यावर त्याच दिवशी वापरावे, दुसऱ्या दिवशी आंबू लागते. मशिदीतून आल्यावर मी किद्दुश केला. प्याला नातीकडे गेला तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, ही तर त्या स्फ्रात्तोसारखी गोष्ट आहे." मी म्हटले, "नाही बाळ. तिथे लोकांना घराबाहेर काढल्याची आठवण आहे. आपल्याला इथून कोणी काढलं नाही. ही घरात टिकून राहिल्याची आठवण." तिने थोडा विचार करून विचारले, "मग आपण निघालो कशाला?" मला उत्तर सुचले नाही. तुम्हाला सुचले तर मासिकाकडे लिहून पाठवा.

आता मी पुन्हा शुगर लँडला आहे. या गावाचे नाव साखरेचे. ब्राझोस नदीकाठी इथे उसाचे मळे होते आणि इम्पीरियल शुगरचा मोठा कारखाना होता. २००३ साली तो बंद झाला, जुनी लाल विटांची इमारत तेवढी उभी आहे. साखर गेली, नाव राहिले, जसे आपल्यात घाणा गेला आणि शनवार तेली हे नाव राहिले. २०१८ साली इथे शाळेचे बांधकाम चालू असताना जमिनीतून ९५ माणसांचे अवशेष निघाले. गुलामी कायद्याने संपल्यावरही कैदी म्हणून धरून उसाच्या शेतांवर भाड्याने राबवलेली ती काळी माणसे. त्यांच्या थडग्यांवर नाव नव्हते. पुढच्या वर्षी त्यांना तिथेच रीतसर पुरले. मी ती जागा पाहून आलो. नवगावच्या मातीत झोपलेल्या आपल्या पूर्वजांचीही नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण जागा ठाऊक आहे आणि आपण तिथे जातो. त्या ९५ जणांची जागासुद्धा शंभर वर्षे कोणी जपली नव्हती.

ह्यूस्टनच्या दुकानांत कोशेर वाइन हवी तितकी मिळते. इस्राएलची, कॅलिफोर्नियाची, आणि एकदा तर पितिल्यानोचीही बाटली दिसली. आमच्या घरी शब्बाथला बाटली असते, जावयाला ती आवडते. पण गुरुवारी रात्री नात मला विचारते, "आजोबा, उद्या भिजवू का?" पंधरा मिनिटांवर देशी किराणा दुकान आहे, तिथे काळ्या मनुका मिळतात. चांदीचा प्याला माझ्या आजोबांचा आहे. तो बहिणीने मागच्या पेसाखला माझ्याकडे पाठवला. पत्रात एवढेच लिहिले होते की माझ्याकडे तो बाटलीनेच भरला गेला, तुझ्याकडे काय भरतोस ते कळव.

मी कळवले आहे.

शब्बाथ शालोम.